कर्नल साइक्स आणि दख्खनचे मासे

पावसाळ्याच्या आरंभीं मन्याड नदीला नवें पाणी आलें म्हणजे आमच्या कंधारचे भोई जाळीं घेऊन कांठावर येतात. पाण्याचा रंग व भोंवऱ्याची जागा पाहून ते जाळें टाकतात आणि वर आलेल्या प्रत्येक माशाला त्याच्या नांवानें ओळखतात. हा मरळ, ही वाम, ही शिंगटी, असें ते सहज सांगून जातात. आपण शहाणे म्हणविणारे लोक मात्र सर्वांस मिळून मासा हें एकच नांव देऊन मोकळे होतों. सुमारें दोनशें वर्षांपूर्वीं एका परक्या शिपाईगड्यानें दख्खनच्या नद्यांतील माशांचीं मराठी नांवें आस्थेनें लिहून घेतलीं आणि तीं जगांतील विद्वानांच्या सभेपुढें नेऊन मांडलीं. त्या कर्नल विल्यम हेन्री साइक्स ह्यांचें चरित्र आमच्या वाचकांपुढें ठेवावें, असा आमचा हेतु आहे.

साइक्स ह्यांचा जन्म ता. २५ जानेवारी १७९० रोजीं झाला. त्यांचें घराणें इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांतलें होतें. १८०३ सालीं, म्हणजे वयाच्या चौदाव्या वर्षांत, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करांत उमेदवार म्हणून दाखल झाले, आणि पुढच्याच वर्षीं मुंबईच्या फौजेंत त्यांस अधिकारपद मिळालें. ज्या वयांत आमचे विद्यार्थी भूमितीच्या सिद्धान्तांशीं झगडत असतात, त्या वयांत ह्या मुलानें घरदार सोडून अज्ञात देशाची वाट धरली. १८०५ सालीं लॉर्ड लेक ह्यांनीं भरतपूरच्या किल्ल्यास वेढा घातला, त्यांतहि हे तरुण अधिकारी हजर होते. तो किल्ला इंग्रजांच्या हातीं लागला नाहीं. तेव्हां साइक्स ह्यांस हिंदुस्थानचा पहिला मोठा धडा मिळाला तो अपयशाचा होय.

पुढें १८१७ सालीं पेशवाईचा अखेरचा संग्राम झाला. ता. ५ नोव्हेंबर रोजीं खडकीच्या माळावर लढाई झाली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत पुणें पडलें. ह्या दोन्ही प्रसंगीं साइक्स हे हिंदी शिपायांच्या तुकडीवर अधिकारी होते. आमच्या मराठी वाचकांस ही गोष्ट वाचतांना आनंद होणार नाहीं, व तसा तो व्हावा अशी आमची अपेक्षाहि नाहीं. ज्यांनीं आमचें राज्य घेतलें त्यांच्या रांगेंत हा मनुष्य उभा होता, हें झांकून त्याचें चरित्र लिहिणें अप्रामाणिकपणाचें होईल. परंतु मनुष्याचें सारें आयुष्य एका लढाईनें मोजतां येत नाहीं. पुढें ह्याच गृहस्थांनीं जिंकलेल्या भूमीची जी सेवा केली ती वेगळ्या प्रकारची होती, आणि तिचें फळ विजेत्यांचें राज्य गेल्यावरहि टिकून राहिलें आहे.

१८१९ सालीं साइक्स कॅप्टन झाले. १८२० त त्यांनीं रजा घेऊन हिंदुस्थान सोडलें व सुमारें चार वर्षें युरोपांत प्रवास केला. १८२४ च्या ऑक्टोबरांत ते परत आले. त्या वेळीं मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे होते. नव्यानें मिळालेल्या मुलखावर राज्य करावयाचें तर तो मुलूख आधीं समजून घेतला पाहिजे, हें तत्त्व एल्फिन्स्टन ह्यांस पूर्ण मान्य होतें. त्यांनीं साइक्स ह्यांस सांख्यिकी माहिती गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याच्या जागेवर नेमलें. पुणें, अहमदनगर, खानदेश व धारवाड हे चार जिल्हे त्यांच्या वांट्यास आले. आमचें कंधार तेव्हां निजामाच्या राज्यांत असल्यामुळें त्यांच्या कक्षेबाहेर राहिलें.

ह्या नेमणुकीचा अर्थ एखाद्यानें कचेरींत बसून आंकडे जुळविणें एवढाच केला असता. साइक्स ह्यांनीं तो फार व्यापक केला. गांवची लोकसंख्या किती, जमीन कोण कसतो, वतनें कोणत्या प्रकारचीं आहेत, धान्याचा भाव काय, हें तर त्यांनीं पाहिलेंच. पण हवेचा दाब दिवसांतून कसा चढतो व उतरतो, दंव किती पडतें, डोंगराची उंची किती, खडक कोणत्या जातीचा, फळें कोणतीं, पक्षी कोणते, हेंहि सारें त्यांनीं टिपून ठेवलें. शेतकरी, पाऊस, दगड आणि पांखरें ह्या सर्वांचा मिळून देश होतो, अशी त्यांची समजूत दिसते. ते तंबू ठोकीत गांवोगांव हिंडले व जेथें गेले तेथून कांहीं ना कांहीं नोंद घेऊन परतले.

ह्या उद्योगाचें फळ मोठें होतें. हिंदुस्थानांतील लांडग्याचें शास्त्रीय वर्णन त्यांनीं १८३१ सालीं प्रसिद्ध केलें. १८३२ सालीं दख्खनमधील पक्ष्यांची त्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेनें छापली. तींत त्यांनीं एका लहान पक्ष्यास राम व एका चंडोलास देव अशीं येथल्याच भाषेंतलीं नांवें दिलीं, आणि तीं शास्त्रीय नांवें आजहि कायम आहेत. तो चंडोल आमच्या दख्खनच्या पठारावर आढळतो व इंग्रजींत साइक्स ह्यांच्याच नांवानें ओळखला जातो.

आतां माशांकडे वळूं. पक्षी उडतांना दिसतो, गातांना ऐकूं येतो. मासा मात्र गढूळ पाण्याखालीं असतो. त्याची माहिती पाहिजे असल्यास जो रोज पाण्यांत उतरतो त्यालाच विचारलें पाहिजे. भीमा, मुळा-मुठा, घोड ह्या नद्यांतील माशांचीं वर्णनें लिहितांना साइक्स ह्यांनीं मराठी नांवें टाकून दिलीं नाहींत, तर त्यांसच लॅटिन धाटणीच्या शास्त्रीय नांवांत बसविलें. शिंगटी, कोळस, नुक्ता, खुद्री, मसुळा हीं आमच्या नदीकांठचीं नांवें अशा रीतीनें शास्त्राच्या ग्रंथांत गेलीं. उच्चार कोठें कोठें वांकडा झाला हें खरें, पण मूळ ओळखूं येतें. कांहीं माशांस त्यांनीं ऑगिल्बी, व्हिगर्स, ओवेन ह्या आपल्या देशांतील विद्वानांचीं नांवें दिलीं. तरी विद्वानांच्या रांगेंत मराठी शब्दांसहि मानाची जागा मिळाली, ही गोष्ट लहान नव्हे. दख्खनच्या माशांवरील त्यांचा निबंध १८३९ ते १८४१ ह्या काळांत चित्रांसह प्रसिद्ध झाला, व त्यांतील माशांचीं नांवें १८३९ सालापासूनचीं धरलीं जातात.

परंतु हें काम सुखासुखीं पुरें झालें नाहीं. १८२९ च्या डिसेंबरांत सरकारनें काटकसरीसाठीं त्यांची जागाच रद्द केली. पांच वर्षांचा संग्रह हातांत होता, आणि तो अर्धवट होता. दुसरा एखादा अधिकारी कागद गुंडाळून पलटणींत परत गेला असता व त्यास कोणी दोषहि दिला नसता. साइक्स ह्यांनीं काम सोडलें नाहीं. १८३१ च्या जानेवारीपर्यंत खपून त्यांनीं आपलें अन्वेषण तडीस नेलें, आणि मगच ते रजेवर स्वदेशीं गेले. आमच्या मतें त्यांच्या आयुष्यांतील खरा पराक्रम खडकीच्या माळावरचा नसून ह्या एका वर्षांतला आहे. पद असतांना काम करणारे पुष्कळ असतात. पद गेल्यावर तेंच काम करणारा विरळा.

१८३३ सालीं साइक्स कर्नलच्या हुद्द्यानें निवृत्त झाले. १८३४ सालीं रॉयल सोसायटीनें त्यांस सभासद करून घेतलें, आणि त्याच वर्षीं लंडनमध्यें जी सांख्यिकी संस्था स्थापन झाली तिच्या संस्थापकांत ते होते; पुढें १८६३ पासून दोन वर्षें ते तिचे अध्यक्षहि झाले. १८४० सालीं ते ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक व १८५६ सालीं अध्यक्ष झाले. म्हणजे जी कंपनी एके काळीं त्यांस तेरा-चौदा वर्षांचा उमेदवार म्हणून घेती झाली, तिच्याच सर्वोच्च आसनावर ते बसले. १८५७ सालीं अ‍ॅबर्डीन शहरानें त्यांस पार्लमेंटांत निवडून दिलें व अखेरपर्यंत ते त्या शहराचे प्रतिनिधि राहिले. ता. १६ जून १८७२ रोजीं लंडन येथें त्यांचा अंत झाला. त्या वेळीं त्यांचें वय ब्याऐंशी वर्षांचें होतें.

येथें चरित्र संपलें असें वाचकांस वाटेल. पण शास्त्रज्ञाचें खरें चरित्र त्याच्या मृत्यूनंतरहि चालूं असतें. कारण त्यानें मांडलेला प्रश्न पुढील पिढ्यांस सोडवावा लागतो. साइक्स ह्यांच्या यादींतून असाच एक प्रश्न निघाला, आणि त्याचा संबंध थेट आमच्या गांवाशीं पोंचतो.

कंधारजवळच्या बालाघाटाच्या डोंगररांगेचा विचार करा. ह्या रांगेच्या एका अंगास पडलेला पावसाचा थेंब भीमेस मिळून कृष्णेच्या वाटेनें जातो. दुसऱ्या अंगास पडलेला थेंब गोदावरीकडे जातो. आमची मन्याड मांजरेस मिळते व मांजरा गोदावरीस. साइक्स ह्यांनीं ज्या घोड व मुळा-मुठा नद्यांतले मासे पाहिले त्या भीमेच्या खोऱ्यांतल्या. दोन्ही पाणी अखेरीस बंगालच्या उपसागरास मिळतें हें खरें, पण गोड्या पाण्याचा मासा खाऱ्या समुद्रांतून वळसा घालून दुसऱ्या नदीच्या मुखांत शिरूं शकत नाहीं, आणि डोंगर तर त्यास ओलांडतां येतच नाहीं. म्हणून माशाच्या दृष्टीनें पाहतां प्रत्येक नदी हें एक बेट आहे. आपल्याभोंवतीं पाणी असलेल्या जमिनीस आपण बेट म्हणतों. माशाचें बेट म्हणजे जमिनीनें वेढलेलें पाणी.

आतां खऱ्या बेटांचा प्रकार पाहा. समुद्रांत एकमेकांपासून दूर असलेल्या बेटांभोंवतीं प्रवाळांचे खडक असतात व त्यांवर रंगीबेरंगी मासे राहतात. आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर समुद्राच्या पोटांत एक प्रवाळी पठार आहे, आणि मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे ह्यांच्या घराण्यावरून त्यास आंग्रिया हें नांव पडलें आहे. अशा खडकावरचा मोठा मासा सहसा आपलें घर सोडून दूर जात नाहीं. पण त्याचीं पिलें अंड्यांतून निघतांच डोळ्यांस क्वचितच दिसतील इतकीं बारीक असतात, व समुद्राचा प्रवाह त्यांस कित्येक दिवस, कधीं कित्येक आठवडे, वाहून नेतो. त्यांतलीं कांहीं दुसऱ्या बेटाच्या खडकावर जाऊन वस्ती करतात. दोन बेटांवरील माशांच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्य ताडून पाहिलें म्हणजे त्यांच्यांत पिढ्यान्‌पिढ्या येणेंजाणें झालें आहे कीं नाहीं तें समजतें. ज्यांच्यांत येणेंजाणें असतें त्यांचे लेख सारखे राहतात. ज्यांच्यांत तें तुटतें त्यांचे लेख हळूहळू निराळे होत जातात.

मात्र प्रवाह सर्वांनाच दूर नेतो असेंहि नाहीं. पापुआ न्यू गिनीजवळील किंबे बेटाच्या लहानशा प्रवाळखडकावर शास्त्रज्ञांनीं माद्यांच्या अंगांत बेरियम धातूचा एक विशिष्ट अंश टोचून त्यांच्या पिलांवर जन्मखूण उमटविली. १८३९ त साइक्स ह्यांस ज्याची कल्पनाहि करतां आली नसती असा हा प्रयोग २००७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत असें दिसलें कीं, त्या खडकावर येऊन राहिलेल्या पिलांपैकीं सुमारें ६० टक्के पिलें तेथेंच जन्मलेलीं होतीं. समुद्रांत फिरून तीं आपल्या माहेरीं परत आलीं होतीं. तेव्हां उघड्या समुद्रांतील बेटेंहि आपण समजतों तितकीं एकमेकांशीं जोडलेलीं नसतात. मग डोंगरांनीं अडविलेल्या नद्यांची गोष्ट काय सांगावी?

साइक्स ह्यांच्या खुद्री माशाची कथा ह्याच तत्त्वाचें उदाहरण आहे. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेंत मिळालेल्या ह्या माशास त्यांनीं नांव दिलें. तो महाशीर जातीचा. घोड नदींतील मसुळा हा त्यांनीं वर्णिलेला दुसरा मोठा मासा. ह्या दोहोंचेहि मूळ नमुने आज उपलब्ध नाहींत. वर्णन तेवढें राहिलें. पुढें दक्षिणेंत कावेरी नदींत पाठीवर कुबड असलेला एक प्रचंड महाशीर आढळला, त्यास कित्येक वर्षें मसुळाच समजण्यांत आलें. दोन नद्या निराळ्या, डोंगर मध्यें आडवे, तरी नांव एकच! ह्या चुकीमुळें कावेरीच्या माशाकडे स्वतंत्र जात म्हणून कोणीं पाहिलें नाहीं.

दरम्यान लोणावळ्यास टाटांच्या जलविद्युत् तलावांच्या कांठीं १९७० नंतरच्या दशकांत खुद्री महाशीराची कृत्रिम पैदास यशस्वी झाली. हेतु चांगला होता, कारण धरणांमुळें व बेसुमार मासेमारीमुळें महाशीर दुर्मिळ होत चालला होता. त्या पिलांचें वाटप दूरदूरच्या प्रांतांस झालें, आणि खुद्री कावेरींतहि सोडण्यांत आला. तेथें तो फोफावला व तेथला मूळचा कुबडा महाशीर दिसेनासा होऊं लागला. अखेर २०१८ सालीं शास्त्रज्ञांनीं सिद्ध केलें कीं, कावेरीच्या खोऱ्यांतील तो मासा मसुळा नव्हे, तर केरळांतील पांबार नदींतून पूर्वीं वर्णिलेली रेमादेवी ही स्वतंत्र जात आहे. आणि त्याच वर्षीं अत्यंत संकटग्रस्त जातींत तिची गणना झाली. नांव मिळालें तेव्हां प्राण कंठाशीं आले होते. एका नदीस वांचविण्यासाठीं केलेला उपाय दुसऱ्या नदीस अपाय ठरला, आणि त्याच्या मुळाशीं सर्व पाणी सारखेंच ही समजूत होती.

ह्या गोष्टीचा बोध आम्हां कंधारकरांस लागू पडतो. आमच्याकडे राष्ट्रकूट काळचा जगत्तुंगसागर आहे, बारूळचें धरण आहे. तलावांत कटला, रोहू, मृगळ ह्यांचें बीज सोडण्याची पद्धत महाराष्ट्रभर आहे व त्यामुळें पुष्कळ गरीब कुटुंबांच्या पोटास आधार मिळतो. त्यास नांवें ठेवणें आमच्या मनांत नाहीं. पण तिलापियासारखे परदेशी मासे नद्यांत पसरले आहेत, आणि आफ्रिकेंतील मांगूर माशाच्या पैदाशीवर तर सरकारास बंदी घालावी लागली आहे. शिवाय मनुष्य आतां नद्याच एकमेकींस जोडूं लागला आहे. आंध्रांत पट्टिसीमा येथून २०१५ सालापासून गोदावरीचें पाणी उपसून कृष्णेकडे नेलें जातें. तहानलेल्या शेतास पाणी पाहिजेच. तथापि ज्या भिंती निसर्गानें लाखों वर्षांत उभारल्या त्या पाडण्यापूर्वीं भिंतीच्या दोहों बाजूंस कोण राहतें, एवढी तरी चौकशी करावयास नको काय?

ती चौकशी कशी करावी हें साइक्स ह्यांच्या चरित्रावरून शिकतां येतें. त्यांच्यापाशीं आनुवंशिक द्रव्य तपासणारीं यंत्रें नव्हतीं. एक वही, एक चित्र, आणि स्थानिक मनुष्याच्या तोंडचें नांव एवढीच त्यांची सामग्री होती. त्यांच्या हातून चुका झाल्या असतील, मूळ नमुने राहिले नाहींत ही उणीव तर मोठीच. तरीहि आज कोणत्याहि शास्त्रज्ञास दख्खनच्या माशांविषयीं लिहावयाचें झाल्यास त्यांच्या निबंधापासून आरंभ करावा लागतो. कोणता मासा कोणत्या नदींत मिळाला एवढी साधी नोंद त्यांनीं प्रामाणिकपणें केली, म्हणूनच पावणेदोनशें वर्षांनंतर चूक कोठें झाली हें शोधतां आलें.

आमच्या विद्यार्थिबंधूंस व भगिनींस आमची एवढीच विनंति आहे. पुढच्या पावसाळ्यांत मन्याडीच्या कांठीं जाल तेव्हां एक वही बरोबर न्या. भोईदादांस नम्रपणें विचारा, आणि ते जीं नांवें सांगतील तीं तारीख व जागा घालून लिहून ठेवा. वडील माणसांस त्यांच्या लहानपणीं मिळणारे कोणते मासे आतां मिळत नाहींत हेंहि विचारा. आमची नदी साइक्स ह्यांच्या चार जिल्ह्यांत आली नाहीं. तिची यादी करण्याचें काम आपल्यासाठींच राहिलें आहे.